विशनसरला स्कूबाचं सामान पायी नेताना

सोनमर्गहून विशनसर तळ्याकडे जाणारी वाट आपल्याकडच्या ट्रेकर्सना चांगली ठाऊक आहे. काश्मीर ग्रेट लेक्सच्या ट्रेकवर पुण्या-मुंबईची मंडळी दर मोसमात असतातच. त्या वाटेने स्कूबाचं सामान न्यायचं म्हटलं की सगळ्यांना आधी वजनाची धास्ती वाटते. वजनाचा प्रश्न सुटतो. घोडे मिळतात, सामान वाटून घेता येतं. खरा पेच वाटेत आहे. तळं साधारण ३७०० मीटरवर आहे आणि तिथून निघणाऱ्या दोन्ही नेहमीच्या वाटा आधी वर चढतात. मागे फिरलात तर निचनई खिंड, सुमारे ४१०० मीटर. पुढे गेलात तर गडसर खिंड, ४२०० च्या आसपास. डाइव्ह केल्यावर उंची गाठायची नाही हा साधा नियम, कारण दाब घटला की शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात (याच आजाराला ‘बेंड्स’ म्हणतात), आणि इथे उंची गाठल्याशिवाय घरी परतताच येत नाही. त्यामुळे या मोहिमेची आखणी उलटी करायची. खिंड कधी ओलांडायची ते आधी ठरवा, त्यावरून शेवटची डाइव्ह कधी ते ठरेल आणि त्यावरून किती हवा न्यायची ते.

हे कोणासाठी, तेही स्पष्ट सांगायला हवं. तारकर्ली-मालवणला ओपन वॉटर कोर्स करून थेट इथे यायचं नाही. मनोरंजक डायव्हिंगमध्ये ३०० मीटरच्या वर ‘अल्टिट्यूड’ सुरू होतं आणि तिथले नेहमीचे कोर्स आणि तक्ते (कोणत्या खोलीवर किती वेळ राहता येतं ते सांगणारे) ३००० मीटरपर्यंतच चालतात. विशनसर त्याच्याही वर आहे. ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) अंगवळणी पडलेला, साइडमाउंटची (सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही बगलांना लावण्याची) सवय असलेला, थंड पाण्यात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) फसला तर हात आपोआप व्हॉल्व्हकडे जाईल असा डायव्हर हवा, आणि कमी उंचीच्या तळ्यात आधी काही डाइव्ह केलेल्या हव्यात. तेवढी तयारी असूनही इथे खोली १२ मीटर, वेळ २० मिनिटं, दिवसाला एकच डाइव्ह, ही मर्यादा पाळायची.

परवानगीशिवाय निघू नका. तळं गांदरबल जिल्ह्यात आहे आणि भाग नियंत्रण रेषेच्या जवळचा आहे. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्रं तपासतात. तिथे घोड्यावर दाबाने भरलेले सिलिंडर दिसले तर प्रश्न येणारच, आणि ते विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. जिल्हा प्रशासनाचं लेखी पत्र, सामानाची यादी आणि सिलिंडर काय आहेत हे दाखवणारे फोटो, अशा चार-पाच प्रती जवळ ठेवा. मासे पकडण्याचा परवाना मत्स्य विभाग देतो, पण त्यात पाण्यात उतरण्याची मुभा नसते. ती वेगळी मागावी लागते. त्या वर्षी वाट खुली आहे का, हेही निघण्याआधी तपासा. आणखी एक गोष्ट: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून येणारे मराठी मित्र हे हमखास विसरतात. आणि त्याच ट्रेकवर पुढे लागणारं गंगाबल हे यात्रेचं, श्रद्धेचं तळं आहे. तिथे उतरायचा विचारही करू नका.

उंचीवर आकडे कसे बदलतात

समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो. ३७०० मीटरवर तो साधारण ६४० होतो. पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर चालतं. १०१३ ला ६४० ने भागलं की १.५८ येतात. तळ्यातल्या खऱ्या खोलीला १.५८ ने गुणलं की समुद्रातली तुल्य खोली मिळते, आणि तक्ता त्या खोलीचा वाचायचा. १० मीटर म्हणजे १५.८. १२ मीटर म्हणजे १९. १५ मीटर म्हणजे जवळजवळ २४. गोडं पाणी हलकं असल्यामुळे यातून तीन टक्के वजा करता येतात, पण ती सूट घेऊ नका, पदरात राहू द्या. तुल्य १९ मीटरसाठी तक्त्यातली २० मीटरची ओळ बघायची. प्रचलित तक्त्यात तिथे ४५ मिनिटं मिळतात. आपण २० घेतो, कारण ३००० मीटरच्या वर त्या तक्त्याची हमी नाही आणि परतीला खिंड आहे.

घड्याळातल्या किंवा वेगळ्या बॅरोमीटरवर खरा दाब वाचून लिहून ठेवा. उन्हाळ्यात हिमालयात दाब प्रमाण तक्त्यापेक्षा थोडा जास्त भरतो. ६५० दिसला तरी गणित ६४० नेच करा, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होईल.

वर येण्याचा वेगही त्याच प्रमाणात कमी करायचा. समुद्रात मिनिटाला ९ मीटरने येत असाल तर इथे साडेपाच. सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना मध्ये थांबायची जागा, ५ मीटरऐवजी ३ मीटरवर, आणि तीन मिनिटांऐवजी पाच. शेवटच्या तीन मीटरमध्ये सूट आणि विंगमधली (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) हवा किती फुगते ते पाहा: समुद्रात ३ मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती साधारण १.३ पट होते, इथे १.४५ पट. स्टॉप सोडल्यावर डायव्हर बुचासारखा वर उसळतो तो यामुळेच. ड्रायसूटचा हवा बाहेर सोडणारा डम्प व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनच वर यायचं.

खोली मोजणारी उपकरणं इथे चुकीचं दाखवतात, आणि तेही धोक्याच्या बाजूला. तेल भरलेला सीलबंद काट्याचा डेप्थ गेज समुद्रसपाटीच्या दाबाला शून्य मानतो. ३७०० मीटरवर पहिले पावणेचार मीटर तो जागचा हलतच नाही. काटा ८ वर दिसत असताना तुम्ही १२ मीटरच्या आसपास असता. कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी: काही कॉम्प्युटर पृष्ठभागावरचा दाब स्वतः मोजतात, काहींत उंचीची पातळी हाताने लावावी लागते, आणि बऱ्याचशा कॉम्प्युटरना ३००० मीटरच्या पुढची पातळीच नसते. तुमचा यांतला कोणता, ते माहितीपुस्तिकेत घरीच वाचा. पाण्यात बुडवण्याआधी तो चालू करा. पाण्यात जाऊन चालू झालेला कॉम्प्युटर पृष्ठभागाचा दाब चुकीचा धरू शकतो.

म्हणून शेवटचा शब्द दोरीचा. पंचवीस मीटरची, न ताणणारी दोरी घ्या, दर मीटरला रंगीत टेप गुंडाळा, ३ आणि १२ मीटरला दुहेरी. वर तरंगता बॉय, खाली दगड. जिथे उतरायचं तिथली खोली आधी हीच दोरी सोडून काठाजवळून मोजा, आणि डाइव्हभर याच दोरीपाशी राहा. १२ मीटरच्या खुणेखाली हात गेला नाही तर खोलीबद्दल वाद उरत नाही.

सिलिंडर कोणते, किती

आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरवर सर्रास दिसतो तो ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर, ज्याला सगळे ‘एटी’ म्हणतात. भरलेला जवळजवळ १७ किलो. एका माणसाला तो खिंडीवर नेणं जिवावर येतं, आणि तो फसला तर दुसरा सिलिंडर नसतो. त्याऐवजी प्रत्येक डायव्हरला ५.७ लिटरचे दोन, म्हणजे ‘फॉर्टी’, आणि साइडमाउंट हार्नेस. एक फॉर्टी भरलेला व्हॉल्व्हसकट साडेआठ किलोच्या आसपास, रुंदीला १३ सेंटिमीटर आणि लांबीला रकसॅकमध्ये उभा मावेल एवढा. प्रत्येकाला स्वतंत्र रेग्युलेटर, स्वतंत्र प्रेशर गेज. थंड पाण्यात एक रेग्युलेटर गोठून फ्री-फ्लो झाला, म्हणजे हवा आपोआप वाहत सुटली, तर तो व्हॉल्व्ह बगलेपाशी, डोळ्यांसमोर असतो. बंद करायचा, दुसऱ्यावर जायचं, वर यायचं. शिवाय दोन डायव्हरांचे चार सिलिंडर एका घोड्यावर दोन्ही बाजूंना सारखे बसतात. तोल आपोआप जमतो.

हवा पुरते का ते मोजू. ३० अंशांत २०० बार भरलेला सिलिंडर ४ अंशांच्या पाण्यात १८३ बार दाखवतो. ही गळती नाही, थंडीने हवा आकसते. दोन फॉर्टीमध्ये मिळून ५.७ × २ × १८३, म्हणजे साधारण २०८५ लिटर. १२ मीटरवर एकूण दाब ०.६४ अधिक १.१८, म्हणजे १.८२ बार. थंडीत धाप जास्त लागते, म्हणून मिनिटाला २५ लिटर धरा. खर्च मिनिटाला ४५ लिटर. वीस मिनिटांचे ९००. समुद्रात याच खोलीवर हेच श्वास ५५ लिटर खर्च करतात. वातावरणाचा दाब कमी असल्याने इथे हवा थोडी जास्त पुरते, उंचीवरचा हा एकच आकडा डायव्हरच्या बाजूचा आहे. पहिल्या दिवसाच्या डाइव्हनंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये शंभरएक बार उरतात. दुसऱ्या दिवशी १५ मिनिटांची, १० मीटरपर्यंतची डाइव्ह होते आणि तरीही दोन्हीकडे ५० च्या वर राखीव उरतात. दोन्ही सिलिंडर बरोबरीने वापरा, दर ३० बारला रेग्युलेटर बदला. एक आधी संपवला तर दुसरा राखीव म्हणून काही कामाचा नाही.

विमानात सिलिंडर पूर्ण रिकामाच नेता येतो. रेल्वेचं नाव काढू नका. मग उरतात दोन मार्ग: भरून रस्त्याने न्या, नाहीतर छोटा पेट्रोल कॉम्प्रेसर सोनमर्गपर्यंत गाडीतून न्या. कॉम्प्रेसर सोनमर्गच्या पुढे नेण्यात अर्थ नाही. तो ४५ किलोच्या आसपास भरतो आणि जितके वर जाल तितकी त्याची आणि त्याच्या इंजिनाची ताकद घटते. सोनमर्गच्या २७०० मीटरवर शंभर लिटरचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात सत्तर-बाहत्तर लिटरच देतो. एका फॉर्टीला सोळा मिनिटं धरा, चारांना थंड होण्याच्या वेळेसकट दीड तास. हवा ओढणारा पाइप वारा ज्या बाजूने येतो तिकडे, उंच बांधा. इंजिनाचा धूर आत गेला तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नसतो आणि तो खोलीवर जास्त घातक ठरतो. सिलिंडरवरचा हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा) शिक्का चालू मुदतीतला हवा. व्हॉल्व्ह डिन आहे की योक (जोडणीचे दोन प्रकार), हे भरायच्या आधी बघा. सोनमर्गला ॲडॅप्टर मिळत नाही.

शिसं घरी ठेवा

ड्रायसूटला सहा-आठ किलो शिसं लागतं आणि ते घोड्यावर लादणं शुद्ध वाया आहे. तळ्याकाठी गोटे आहेत. दगड पाण्यात शिशापेक्षा कमी बुडवतो. शिशाच्या वजनाच्या साधारण दीडपट दगड घ्या, सहा किलो शिशाला नऊ किलो. अंदाजावर राहू नका. सामान तोलायचा हातातला काटा बरोबर ठेवा, दगड भरलेली पिशवी पाण्यात पूर्ण बुडवून काट्याला लटकवा आणि आकडा वाचा. सहा किलो शिशाच्या जागी काट्यावर साडेपाच दिसायला हवेत. पिशव्या जाड नायलॉन जाळीच्या, तोंडाला दोरी आणि वर वेल्क्रो पट्टी. मूठभर आकाराचे, गोल, एकमेकांत बसणारे दगड निवडा. कोनाचे दगड जाळी फाडतात. बेल्टचं बकल एका हाताने सुटणारंच हवं, दगड आहेत म्हणून गाठ मारून बांधायचं नाही. आणि हे दगड कोरड्या काठावरचे, हिरवा किंवा नारिंगी थर नसलेले घ्या, काम झालं की जिथले तिथे ठेवा.

गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो वजन कमी लागतं. पण निओप्रीनचा (फेसाळ रबराचा) सूट वापरत असाल तर उंचीवर त्यातले बुडबुडे फुगलेले असतात आणि सूट जास्त तरंगतो. फॉर्टी सिलिंडरही रिकामा होत आला की किंचित वर ओढतो. म्हणून तोल डाइव्हच्या शेवटचा धरून तपासा: ५० बार उरले असताना ३ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

सूट, रेग्युलेटर आणि बाकीचं

सूट ट्रायलॅमिनेट, म्हणजे तीन थरांच्या पातळ कापडाचा ड्रायसूट घ्या. सात मिलिमीटरचा ओला वेटसूट तिथे रात्रभर वाळत नाही आणि सकाळी कडक होतो. ट्रायलॅमिनेट साडेतीन किलोत होतो, गुंडाळून बसतो आणि झटकला की कोरडा. त्याची नाजूक जागा म्हणजे झिप. ती कधी दुमडू नका. सूट झिपच्या बाजूने सैल वळकटी करा, आत आतले कपडे भरा, झिपला मेण लावा. मनगटाच्या लेटेक्स सीलचा एक जादा जोड आणि गोंद बरोबर हवा. थंडीत ओढताना सील फाटलं की पूर्ण मोहीम तिथेच थांबते.

रेग्युलेटर थंड पाण्यासाठीचे, फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडायचा भाग) सीलबंद. तरीही ते गोठतात, आणि बहुतेकदा पाण्याच्या आत नाही तर काठावर. काठावर कोणी रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घेऊन बघतं, उच्छ्वासाची वाफ आत थिजते आणि पाण्यात गेल्यावर फ्री-फ्लो. काठावर फक्त एक छोटा श्वास आत ओढा, बाहेर सोडू नका. खरी चाचणी तोंड पाण्याखाली नेल्यावर. पर्जचं (हवा जोराने सोडणारं) बटण दाबू नका. सूटमध्ये किंवा विंगमध्ये हवा भरताना त्याच क्षणी श्वास घेऊ नका, आणि हवा छोट्या छोट्या झटक्यांत भरा. रात्री रेग्युलेटर तंबूत कोरडे, आणि कॉम्प्युटर, टॉर्चच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये.

सीलबंद गोष्टींकडे लक्ष हवं. कोरड्या डब्या, कॅमेऱ्याचं हाउसिंग, काही टॉर्च समुद्रसपाटीला बंद केले तर वर आत दाब राहतो आणि ओ-रिंग बाहेर ढकलली जाते, किंवा झाकणच उघडत नाही. त्यांचे व्हॉल्व्ह ढिले ठेवून चढा, तिथे पोहोचून बंद करा.

एका डायव्हरचं सामान असं भरतं: सिलिंडर १७, रेग्युलेटर ३, हार्नेस व विंग ३, सूट साडेतीन, आतले कपडे दीड, फिन्स व बूट ३, हूड-हातमोजे-मास्क दीड, बेल्ट-कॉम्प्युटर-टॉर्च दीड. एकूण ३४ किलो. दोघांचं ६८, त्यात ऑक्सिजन, दोरखंड, हत्यारं धरून नव्वदच्या घरात. हत्यारांत ओ-रिंग, ॲलन की, पाना, इंटरमीडिएट प्रेशर गेज, माउथपीस, झिप-टाय आणि जादा मास्क विसरू नका.

घोड्यावर बांधताना

रेग्युलेटर, कॉम्प्युटर, मास्क आणि सूट घोड्यावर द्यायचे नाहीत. ते तुमच्या पाठीवर. बाकीचं दोन घोड्यांवर, तंबू-रेशन तिसऱ्यावर. निचनईच्या दगडी चढासाठी एका घोड्यावर चाळीस किलोपेक्षा जास्त लादू नका, घोडेवाला नेईन म्हणाला तरी. प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर टोपी, मग कॅरीमॅटचा तुकडा दोन वेढे, मग गोणपाट. व्हॉल्व्ह मागच्या बाजूला ठेवून आडवा बांधा, कारण अरुंद वळणावर घोडा पुढच्या कोपऱ्याने कड्याला घासतो. दोर सिलिंडरच्या अंगाला हवा, व्हॉल्व्हच्या मानेला कधीच नाही. घोडेवाल्याला व्हॉल्व्ह उघडून एकदा हवेचा आवाज ऐकवा आणि आत गॅस नाही, साधी हवा आहे, हे सांगा. त्यामुळे त्याची भीती जाते आणि तो जपून हाताळतो. मुक्कामी पोहोचताच आधी घोडे मोकळे करा. दमलेला घोडा गवत दिसलं की लोळतो, आणि पाठीवर सामान असेल तर सामानासकट लोळतो.

माणसांकडून न्यायची वेळ आली तर एका माणसामागे वीस किलो, आणि त्याचं जेवण, पांघरूण, बूट यांची जबाबदारी तुमची.

दिवसांची मांडणी

सोनमर्गला दोन रात्री. मग निचनईच्या अलीकडच्या मैदानावर, साडेतीन हजारच्या जरा खाली-वर, एक रात्र. पुढच्या दिवशी खिंड आणि विशनसर. तळ्यापाशी पोहोचल्यावरचा पूर्ण दिवस विश्रांतीचा, पाण्यात उतरायचं नाही. या दोन रात्रींत शरीरातला नायट्रोजन नव्या दाबाशी जुळतो, आणि उंची कोणाला बाधते आहे तेही कळतं. डोकं दुखतंय, भूक नाही, झोप लागली नाही, यांतलं काहीही असेल तर डाइव्ह नाही. दुसऱ्या दिवशी पहिली डाइव्ह, तिसऱ्या दिवशी दुसरी, चौथा दिवस पूर्ण रिकामा, पाचव्या दिवशी सकाळी खिंड. मधला दिवस हवामानाने खाल्ला तर दुसरी डाइव्ह सोडा, रिकामा दिवस कापू नका. निचनईवर हवेचा दाब तळ्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी आहे. ऐकायला थोडं वाटतं, पण ताज्या डाइव्हनंतर शरीर आधीच काठावर असतं.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घेत असाल तर ते डाइव्हआधी सगळ्यांना सांगा. त्या गोळीने बोटांना, ओठांना मुंग्या येतात, आणि मुंग्या हे बेंड्सचंही लक्षण आहे. सकाळी कोणाला कुठे मुंग्या येताहेत ते वहीत लिहून ठेवा. नंतर नवीन जागी, एकाच बाजूला, किंवा अशक्तपणासह आल्या तर बेंड्स धरूनच चाला. गोळीने लघवीही जास्त होते. पाणी त्या हिशोबाने वाढवा.

पाण्याकाठी

तंबू तळ्यापासून लांब असतो, म्हणून शेवटचा टप्पा मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांवरून पायीच. हे सामान आदल्या संध्याकाळी काठावर नेऊन ठेवा. सकाळी सतरा किलो वाहून लगेच पाण्यात गेलात तर धाप बसलेली नसते आणि पहिल्या दहा बारमध्येच हवेचं गणित मोडतं. काठावर पोहोचल्यावर तासभर शांत बसा. सूट आणि हार्नेस काठावर चढवा, सिलिंडर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लावा. साइडमाउंटचा हा फायदा इथे सर्वांत जास्त कळतो, कारण ओल्या दगडांवर भार घेऊन चालताना पाय मुरगळणं ही या डाइव्हमधली सगळ्यांत जास्त संभवणारी दुखापत आहे.

काठावर एक माणूस कायम उभा हवा. तो पाण्यात उतरणार नाही. त्याच्या हातात आठ मिलिमीटरची पन्नास मीटर तरंगती दोरी, दुसरं टोक एका डायव्हरच्या हार्नेसला. इशारे आधी पाठ करा: एक झटका सगळं ठीक, दोन झटके दोर सैल सोड, तीन झटके वर येतोय, चार किंवा सतत झटके म्हणजे ओढ. दर दोन मिनिटांनी तो एक झटका देईल, उत्तर आलं नाही तर पुन्हा देईल, तरीही नाही तर ओढेल. ऑक्सिजन कसा द्यायचा हेही त्यालाच नीट यायला हवं.

पाण्याखाली एक गोष्ट सगळ्यांना फसवते. १० मीटरवर दाब १.६२ बार, म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.३४. मुंबईच्या हवेत तो ०.२१ असतो, आणि विशनसरच्या काठावर ०.१३. तीन दिवस धापा टाकणाऱ्या माणसाला खाली गेल्यावर एकदम हुशारी वाटते, डोकं स्वच्छ होतं, आणखी थोडं थांबावंसं वाटतं. तोच माणूस वर आला की काही क्षणांत ऑक्सिजन निम्म्याहून खाली जातो. म्हणून डाइव्हचा शेवट काठाजवळ, उथळात करा. पृष्ठभागावर लांब पोहत येण्याची आखणी नको. डोकं बाहेर आल्यावर रेग्युलेटर तोंडातच ठेवा, विंग फुगवा, उथळ पाण्यात दोन मिनिटं बसा, मग सिलिंडर काढून काठावरच्या माणसाकडे द्या.

तळ गाळाचा असेल तर फिन्सची एक फटकार पुरते आणि काही दिसत नाही. गाळापासून दीड मीटर वर राहा, दोरी हातभर अंतरावर.

नंतर

डायव्हरने त्या दिवशी वजन उचलायचं नाही. डाइव्हनंतरच्या श्रमाने बुडबुडे वाढतात. सिलिंडर इतरांनी न्यायचे. वाऱ्याच्या आडोशाला सूट काढा, कोरडे कपडे, टोपी, गरम चहा, भरपूर पाणी. टेकडीवर फोटो काढायला चढू नका. तीही उंचीच.

बेंड्सची शंका आली, म्हणजे सांधा ठणकतोय, पाय जड पडतोय, लघवी होत नाही, चक्कर येते, तर आडवं झोपवा आणि लगेच शंभर टक्के ऑक्सिजन द्या. वैद्यकीय ऑक्सिजनचे ‘ए टाइप’ छोटे दोन सिलिंडर, प्रत्येकी सुमारे ७५० लिटर, नॉन-रिब्रीदर मास्कने मिनिटाला १५ लिटर दिले तर दोन्ही मिळून शंभर मिनिटं पुरतात. डिमांड व्हॉल्व्ह (श्वास ओढल्यावरच ऑक्सिजन देणारा) असेल तर जास्त. एवढ्या वेळात लष्कराच्या चौकीवर निरोप पोहोचला पाहिजे आणि हेलिकॉप्टरची मागणी गेली पाहिजे, म्हणून चौकीकडे धावणारा माणूस आधीच ठरलेला हवा. उंचीच्या आजारासाठी वापरतात ती फुगवायची पिशवी जवळ असली तरी तिला डायव्हिंगचा चेंबर (दाब वाढवून बेंड्सवर उपचार करायची बंद खोली) समजू नका. ती २ पीएसआय दाब वाढवते, म्हणजे ६४० चे ७८० मिलिबार होतात, साधारण २१०० मीटरवर असल्यासारखं. बेंड्सच्या नेहमीच्या उपचारात २.८ बार लागतात. असे चेंबर नौदलाच्या रुग्णालयांत असतात, मुंबईत आयएनएचएस अश्विनीमध्ये आहे. कोणता चेंबर चालू आहे आणि रुग्ण कसा घेतात, हे निघण्याआधी फोनवर विचारून कागदावर लिहा. वर नेटवर्क नसतं.

खिंड ओलांडून सोनमर्गला आलात की श्रीनगरच्या विमानाची चिंता उरत नाही. केबिनमधला दाब साधारण २४०० मीटरवरच्या हवेइतका किंवा त्याहून जास्त राखलेला असतो, तो तळ्यावरच्या दाबापेक्षा जास्तच. सिलिंडर मात्र परतीच्या वाटेवर पूर्ण रिकामे करू नका. आत पंचवीस-तीस बार राहू द्या, म्हणजे ओलावा शिरत नाही. विमानाने न्यायचे असतील तर श्रीनगरला पोहोचल्यावर सावकाश सोडा, भसकन सोडलं तर आत दव धरतं. घरी आल्यावर व्हॉल्व्ह काढून आतून एकदा तपासून घ्या. सूट, फिन्स आणि दोऱ्या गोड्या पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, आणि हेच काम विशनसरला निघण्याआधीही करा. कोकणातल्या किंवा दुसऱ्या तळ्यातल्या पाण्याचा थेंबही त्या पाण्यात जाता कामा नये.